आठ चाकांचा संसार

साताऱ्यात आमच्या बाबांचा स्कूटरच्या टायरबद्दल एकच नियम होता: टायर पार गोटा झाला की तो आणखी सहा महिने चालवायचा. पावसाळ्यात घसरायला होतं? हळू जायचं.

अशा घरातला मी म्यूनिकला आलो, हौसेने सेकंडहँड गोल्फ जीटीआय गाडी घेतली, आणि ऑक्टोबरात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "टायर बदललेस?"

"का? पंक्चर दिसतंय?"

त्याने माझ्याकडे, मुंज न झालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. इथे 'फॉन ओ बिस ओ' पाळतात. म्हणजे 'ओ ते ओ': ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, गाडीला हिवाळी टायर. आपला चातुर्मास परवडला, त्यात नुसतं कांदा-लसूण सोडायचं असतं. इथे रस्त्यावर बर्फ असताना उन्हाळी टायरवर सापडलात तर 60 युरो दंड, शिवाय लायसन्सच्या खात्यावर गुन्ह्याचा एक पॉइंट. तोही वजा नाही, जमा!

कारण खरं आहे, हे मान्य करतो. पारा 7 अंशांखाली उतरला की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्याला भरल्या वांग्यासारख्या बारीक चिरा दिलेल्या असतात. त्या बर्फ धरतात.

मग दुकानात गेलो. टायरच्या अंगावर जन्मपत्रिका असते हे तिथे कळलं. 225/40 आर 18: रुंदी 225 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 40 टक्के, रिम 18 इंची. पुढचं 'वाय' म्हणजे ताशी 300 किलोमीटरपर्यंत चालेल. ऑफिस 4 किलोमीटरवर, त्यात निम्म्या रस्त्याला 30ची मर्यादा.

मला हिवाळ्यालाही 18 इंची काळेभोर अलॉयच हवे होते. दुकानदार म्हणाला, 17 इंची साधे घ्या, त्यावर 225/45. चाकाचा घेर जवळपास तोच, टायरची कड जाड, खड्डा सोसते. आणि रस्त्यावर मीठ टाकतात, ते चकचकीत रिम खातं. मी 17 इंची चाकं बसवून आरशात, म्हणजे दुकानाच्या काचेत, पाहिलं. सुटाखाली स्लीपर घातल्यासारखी गाडी दिसत होती. वर टायर 'एच' दर्जाचे, म्हणजे 210पर्यंतच. गाडी त्याहून जोरात धावू शकते, म्हणून डोळ्यांसमोर '210'चं स्टिकर. मी ते मुद्दाम पाहुण्यांना दिसेल असं लावलं.

उरलेली चार चाकं तळघरात गेली, गणपतीच्या मखराशेजारी. बायकोने त्यांच्यावर पापडाचा डबा ठेवला. कुठलं चाक कुठलं, हे खडूने जर्मन आद्याक्षरांत लिहायचं असतं: व्हीएल, एचआर वगैरे. एचआर म्हणजे मागचं उजवं. ती म्हणाली, "ऑफिसातल्या एचआरचं चाक घरी कशाला आणलंस?"

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ शांतता.

"म्हणजे गाडी एक आणि चाकं आठ?"

"हो."

"आणि ऑफिस चार किलोमीटर?"

"हो."

"अरे, मग सायकल घे की!"

"बाबा, सायकललाही हिवाळी टायर मिळतात इथे."

त्यांनी फोन आईकडे दिला.