कातातुम्बोची वीज, मिथेन आणि आपला सह्याद्री

नमस्कार. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर बहुतेक रात्री चमकणाऱ्या कातातुम्बोच्या विजेवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ही वीज युरेनियममुळे आणि दलदलीतून-तेलातून निघणाऱ्या मिथेनमुळे होते, ती ओझोनचा थर भरून काढते आणि तिला आवाजच नसतो, हे सगळं मी गाळलं, इंग्रज दर्यावर्दी ड्रेकची गोष्ट टाळली आणि एवढा मोठा चमत्कार 'डोंगर आणि वारा' यांवर आणून ठेवला. वर तुमचा खोचक प्रश्न: डोंगर आणि वारा एवढंच पुरत असेल, तर सह्याद्रीत रोज रात्री विजा का नाहीत?

हा शेवटचा प्रश्न मला मनापासून आवडला, म्हणून आधी तोच घेतो.

आषाढातली आंबोली आठवा. पाऊस दिवस-दिवस थांबत नाही, पण विजा अशा कितीशा कडाडतात? विजांचा खरा धिंगाणा वैशाखातल्या वळवाला आणि परतीच्या पावसाला. ढगात वीज तयार व्हायची तर खूप उंचावर, शून्याखालच्या तापमानात, बर्फाचे स्फटिक आणि बारीक गारा एकमेकांवर आपटाव्या लागतात. त्या आपटाआपटीतून विद्युतभार वेगळे होतात. त्यासाठी हवा जोराने आणि बरीच वर गेली पाहिजे. ऐन पावसाळ्यात घाटमाथ्यावर पाणी रिकामं करणारे बहुतेक ढग तेवढे उंच वाढतच नाहीत. ओलावा आहे, डोंगर आहे, तरी वीज नाही, ती यामुळे.

आता माराकाइबो सरोवर पाहा. क्षेत्रफळ साधारण १३ हजार चौरस किलोमीटर. पश्चिमेला पेरिहाची रांग, दक्षिणेला आणि आग्नेयेला मेरिदाचे अँडीज, आणि उघडं तोंड फक्त उत्तरेला, कॅरिबियन समुद्राकडे. त्या तोंडातून दमट वारा आत शिरतो आणि रात्री त्याचा एक वेगवान झोत जमिनीपासून फार उंच नसलेल्या थरातून दक्षिणेकडे सरकतो. त्याच वेळी डोंगरउतार गार होतात आणि तिथली जड हवा खाली सरोवराकडे उतरू लागते. कोकणातला मतलई वारा रात्री समुद्रावर निघून जातो. त्याला समोरून अडवणारं कोणी नसतं. इथे मात्र वेगवेगळ्या उतारांवरून आलेले वारे सरोवराच्या दक्षिण भागावर एकमेकांना भिडतात, खाली पाणी रात्रभर कोमट असतं आणि हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. म्हणून जमिनीवर बहुतेक ठिकाणी विजांचा जोर दुपारनंतर असतो, तर इथे मध्यरात्र उलटल्यावर. डोंगरांची नुसती उंची पाहून चालत नाही, त्यांची मांडणी पाहावी लागते. आपल्याकडे ती मांडणी नाही.

'रोज रात्री' हे शब्द तुमचे. मी ते वापरले नव्हते. टीआरएमएम या उपग्रहावरच्या वीजमापक उपकरणाची १९९८ ते २०१३ अशी १६ वर्षांची नोंद तपासून २०१६ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात हे सरोवर जगात पहिलं आलं: दर चौरस किलोमीटरला वर्षाकाठी सुमारे २३३ लखलखाट, आणि वर्षातले सरासरी २९७ दिवस विजांचे. त्याआधी हा मान काँगोच्या खोऱ्याकडे होता. जानेवारी-फेब्रुवारीत जोर ओसरतो, आणि २०१० च्या सुरुवातीला एल निनोच्या दुष्काळात तर काही आठवडे विजा जवळपास बंदच पडल्या होत्या.

मिथेनवाल्यांची पंचाईत इथेच होते. दलदल आणि तेलाचे साठे जानेवारीतही जागेवरच असतात, युरेनियम असेल तर तेही कुठे जात नाही. मग वीज हंगामानुसार आणि एल निनोनुसार कमी-जास्त का व्हावी? उलट वाऱ्यांवरून आणि समुद्राच्या तापमानावरून विजांच्या हंगामाचा अंदाज काही महिने आधी बांधता येतो, आणि तसं काम झालेलंही आहे. (तेलाचं म्हणाल, तर सरोवराखाली ते भरपूर आहे. जुन्या नळांमधून ते गळतं, पाण्यावर तवंग धरतं आणि कोळ्यांची जाळी काळी करतं. तेलाबद्दल बोलायचंच तर आधी यावर बोलू.)

ओझोनचा दावा दिसायला गोंडस आहे, पण मजला चुकलेला. विजेमुळे नायट्रोजनची ऑक्साइडं होतात आणि पुढे त्यातून थोडा ओझोनही होतो, पण तो मुख्यतः वातावरणाच्या खालच्या थरात. अतिनील किरण अडवणारा थर त्याच्या वर, साधारण १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि तिथला ओझोन सूर्यप्रकाशच घडवतो. विजेने 'पृथ्वीची छत्री शिवली जाते' हे वाक्य फॉरवर्डमध्येच शोभतं.

आता ड्रेक. विजेच्या उजेडात त्याची जहाजं दिसली आणि १५९५ सालचा त्याचा हल्ला फसला, असं सांगतात. त्या वर्षी तो चालून गेला होता पोर्तो रिकोमधल्या सान हुआनवर, म्हणजे सरोवरापासून हजारभर किलोमीटर लांब. ढगाचा माथा १५ किलोमीटर उंच धरला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे तो सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरपलीकडे दिसत नाही. (गडगडाट तर २०-२५ किलोमीटरांतच विरतो. लांबून पाहणाऱ्याला वीज मुकी वाटते ती म्हणून. तुमचा 'निःशब्द विजे'चा मुद्दाही यात आलाच.) माराकाइबोवरची खरी मोठी लढाई २४ जुलै १८२३ ची. त्यात स्पेनपासून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बाजूच्या अॅडमिरल पादिया यांनी स्पॅनिश आरमार मोडलं. तिचंही श्रेय काही जण विजेला देतात, पण ती लढाई झाली भरदुपारी.

तरीही झुलिया प्रांताने वीज आपल्या ध्वजावर घेतली आहे आणि प्रांतगीतात ती खलाशाला दिशा दाखवणारा दिवा आहे. त्याला माझी काहीच हरकत नाही. पुढचा लेख तेपुईंवर, म्हणजे तिथल्या सपाट माथ्याच्या प्रचंड डोंगरांवर आहे. तिथे डायनासोर उरलेत असं लिहिणार असाल, तर आधीच कळवा.