मासा पहाटे वर येतो तो भुकेनं नाही

मत्स्यपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: “पाणी जेवढं हिरवं तेवढा मासा मोठा. दर आठवड्याला शेण-युरिया टाका. मासे वर तोंड काढू लागले की खाद्य वाढवा. शेवाळ फार झालं तर मोरचूद (कॉपर सल्फेट) मारा.” यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. उरलेली तीन वाक्यं तळं रिकामं करतील.

“जेवढं हिरवं तेवढं चांगलं.” थोडा हिरवेपणा हवाच, कटला-रोहूचं नैसर्गिक खाद्य त्यातूनच तयार होतं. पण दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्रभर तोच ओढतं. म्हणून डोळ्यांचा अंदाज नको. पत्र्याची २० सेंमी व्यासाची चकती चार भागांत काळी-पांढरी रंगवा, मधोमध खुणा केलेली दोरी बांधा, खाली वजन लावा. सकाळी १०-११ वाजता उन्हात पाण्यात सोडा. २५ ते ४० सेंमीवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच, तर खत बंद आणि खाद्य निम्मं. पावसानं गढूळ पाणी आलं असेल तेव्हा हे माप धरू नका.

“दर आठवड्याला शेण-युरिया.” ढेप-कोंड्यातल्या नत्र-स्फुरदाचा जेमतेम पाव हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकी पाण्यातच राहतो. बोडीत, म्हणजे शेतालगतच्या छोट्या तलावात, धानाच्या बांधीतलं खतही वाहून येतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर स्फुरद धरून ठेवायला तळाची मातीच नसते, ते लवकर हिरवं होतं. युरिया वार पाहून नाही, चकती पाहून.

“वर आले की खाद्य.” सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं, कारण ते खरं वाटतं. रात्रीत ऑक्सिजन घटल्यानं सकाळी सहाला मासे वर तोंड मारताना दिसतात, माणूस ढेप टाकतो, आठ-नऊपर्यंत मासे खाली जातात. पोट भरलं म्हणून नव्हे, ऊन पडून शेवाळानं ऑक्सिजन सोडला म्हणून. श्रावणात आभाळ चार दिवस भरून राहिलं की हे ऊन मिळत नाही, आणि न खाल्लेली ढेप कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाते. तुम्ही काठावर गेल्यावरही मासे बुडी मारत नसतील तर खाद्य त्या दिवशी बंद. तळ्याचंच पाणी पंपानं उचलून फवाऱ्यासारखं परत सोडा. विहिरीचं घेत असाल तर उतरत्या टिनावरून आपटत पडू द्या. त्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो.

“मोरचूद मारा.” बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरच्या फवाऱ्यासाठी) आणलेलं संत्र्याच्या बागायतदाराकडे असतंच, म्हणून हात पटकन जातो. एक एकर तळ्यात दीड मीटर पाणी म्हणजे सुमारे ६० लाख लिटर. लिटरला १ मिलिग्रॅम धरलं तरी ६ किलो. मात्रा ठरते पाण्याच्या अल्कलिनिटीवर (आम्ल पचवायच्या ताकदीवर), आणि ती लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर शेवाळाआधी मासाच मरू शकतो. मेलेलं शेवाळ कुजलं की ऑक्सिजन पुन्हा घसरतो, स्फुरद पाण्यातच राहतो, थोड्या दिवसांत पाण्यावर शेवाळाची तीच साय परत.

ती साय वारा नेईल त्या काठाला जमते. सकाळीच जुन्या लुगड्यानं ओढून काढा आणि उताराच्या खालच्या बाजूला टाका, पावसानं परत तळ्यात येऊ नये. निळसर-हिरव्या सायीत विष असू शकतं, त्या काठाला ढोरं पाण्यावर सोडू नका.