ओढ्याने गाव फोडलं नाही

गावाच्या नावापुढे बुद्रुक किंवा खुर्द का लागतं, हे सांगणारा एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. मजकूर ठरलेला: मोगल काळात रस्त्याने, नदीने किंवा ओढ्याने गावाचे दोन भाग व्हायचे, मोठा तो 'बुजुर्ग', त्याचंच पुढे बुद्रुक झालं, आणि लहान तो खुर्द.

शब्द फारसी आहेत, एवढं बरोबर. सुट्ट्या पैशांचा खुर्दा याच घरातला. पुढचं मात्र पटत नाही.

आधी तो ओढा. नदी-ओढे गावाच्या आधीपासून तिथे आहेत. वसलेल्या गावाच्या मधोमध ते एके दिवशी उगवले आणि गाव दुभंगलं, असं कसं होईल? बुद्रुक आणि खुर्दच्या मध्ये पुष्कळदा ओढा सापडतो खरा, पण त्याचं कारण उलटं आहे. दोन गावांची शीव धरायची तर ओढ्यासारखी सोयीची खूण दुसरी नाही. रस्त्याचंही तेच. बैलगाडीची वाट गावाला येऊन मिळायची, गाव चिरत जायची नाही. हायवेने गावं चिरली ती अलीकडे, आणि त्यातल्या एकालाही कोणी खुर्द म्हटलेलं नाही.

मग दुसरं गाव येतं कुठून? शेतातून. पांढरीपासून, म्हणजे वस्तीपासून, काळी, म्हणजे शेतजमीन, लांब पडली की रोज बैल हाकत जायचं-यायचं जिवावर येतं. आधी तिथे गोठा होतो, मग राखणीला एक झोपडी, मग धाकट्या भावाचं बिऱ्हाड. कधी भाऊबंदकीही असते. चार घरांची वाडी होते. तिला स्वतःचा पाटील आणि स्वतःची शीव मिळाली, शेतसारा वेगळा लागला, की एकाच नावाची दोन गावं दप्तरात येतात. ती वेगळी ओळखायला कारकुनाला शेपूट जोडावंच लागतं. उत्तरेतही हेच दिसतं: पंजाब-हरियाणात कलां आणि खुर्द, उत्तर प्रदेशात बुजुर्ग आणि खुर्द.

'मोगल काळात' हेही घाईचं आहे. दख्खनमध्ये बहमनी राज्य १३४७ साली उभं राहिलं. मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला १६०० साली. मधल्या अडीचशे वर्षांत इथल्या दप्तरात फारसी चांगलीच मुरली होती. त्यासाठी मोगलांची वाट बघायची गरज नव्हती.

राहिलं लहान-मोठं. बुजुर्ग म्हणजे मोठा, तसाच वडीलधाराही. म्हणून मला बुद्रुक-खुर्द हे थोरलं-धाकटं वाटतं. धाकटा उंचीने थोरल्याच्या वर गेला तरी धाकटाच राहतो. पुण्यातल्या कोंढवा खुर्दमधून संध्याकाळी एकदा गाडी काढून बघा आणि मग त्याला लहान म्हणा.

या शेपटाची खरी किंमत कळते ती सातबाऱ्यावर. आमच्या एका नातलगाच्या कागदावर 'बु॥' च्या जागी 'खु॥' पडलं. त्याच गट नंबरवर पलीकडच्या गावात भलताच मालक निघाला. एक अक्षर दुरुस्त व्हायला दीड वर्ष गेलं.