ऐनवेळचा विषय

हौसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, म्हणून आमची डोंबिवलीची सोसायटी ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेते. ठरल्या वेळी कोरम नसतो, सभा अर्धा तास तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सर्वांना पाठ, त्यामुळे सगळे नेमके तेव्हाच उगवतात. मग मागचं इतिवृत्त कायम होतं, गच्चीच्या गळतीवर आवाज चढतात आणि चहा आला की पार्किंग निघतं. बिल्डिंग १९८६ची. डोंबिवलीकराकडे लोकलचा पास असतो, गाडी नसते, असं बिल्डरने तेव्हा धरलं असावं.

यंदाचा ठराव होता, पाहुण्यांच्या गाड्या आत घेऊ नयेत. खाली जागा नाही ती पाहुण्यांमुळेच, यावर सर्वांचं एकमत. ज्या सोसायटीत रंगाच्या छटेवरून दोन वर्षं भिंती तशाच राहिल्या, तिथे एकमत? मला संशयच आला. त्यात मी नुकतंच एडवर्ड डी बोनोचं वाचलेलं. हा मूळचा माल्टाचा डॉक्टर. ‘लॅटरल थिंकिंग’, म्हणजे नेहमीची वाट सोडून आडवाटेने विचार करणं, हा शब्द त्याने १९६७मध्ये आणला. तो म्हणतो, आहे तोच खड्डा कितीही खोल खणला तरी दुसऱ्या जागी खड्डा पडत नाही. (आमच्या स्टेशन रोडवर पडतो, पण ते असो.)

मी उभी राहिले आणि सिडनीच्या शाळेची गोष्ट सांगितली. डी बोनोने वर्गातल्या ३० मुलांना विचारलं, शाळेत येण्याबद्दल आठवड्याला ५ डॉलर दिले तर? तीसच्या तीस मुलं तयार. मग त्याने त्यांना आधी नुसते फायदे, नंतर नुसते तोटे आणि शेवटी नुसत्या गमतीच्या बाजू शोधायला लावल्या. दांडगी मुलं लहानांचे पैसे हिसकावतील, घरून मिळणारा पॉकेटमनी बंद होईल, असं एकेक निघत गेलं आणि २९ मुलांनी मत फिरवलं.

“म्हणजे एकाला पाच डॉलर मिळाले का?” खजिनदारांनी विचारलं. त्यांना हिशेब अर्धवट राहिलेला चालत नाही.

आम्ही तसंच करायचं ठरवलं. फायदे झटपट झाले. तोट्यांना सुरुवात होताच पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे दिवाळीला आमचे जावई गाडी रस्त्यावर लावून चालत येणार?” जावई निघाले म्हटल्यावर बी विंग एकदम गप्प. त्या विंगेत जावई बरेच आहेत.

गमतीच्या बाजूंपाशी मात्र सभा अडली. “यात नेमकं काय लिहू?” सेक्रेटरी पेन धरून बसले. तेवढ्यात चहाचे कप गोळा करणारा वॉचमन म्हणाला, “साहेब, रात्री पाहुण्यांची गाडी एखादीच असते. बाकी सगळं आपलंच सामान आहे.” हा माणूस इतकी वर्षं गेटवर बसतो, पण त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. सभा मोबाईलचे टॉर्च लावून खाली गेली. दार निखळलेला फ्रिज, झोपाळ्याच्या कड्या, मंडळाचे बांबू आणि चालवणारी पोरं अमेरिकेला गेलेल्या तीन सायकली.

आता मला चेव आला. पार्किंगवर डी बोनोचा उपाय मोठा नामी आहे. मीटर नको, पावती नको; गाडी हवी तिथे, हवी तितका वेळ लावा, फक्त हेडलाइट चालू ठेवा. बॅटरी उतरेल या धास्तीने माणूस काम टाकून धावत येतो. (याच गृहस्थाने मध्यपूर्वेतल्या भांडणाचं एक कारण जेवणातल्या जस्ताच्या कमतरतेत शोधलं आणि तिकडे मार्माइट, म्हणजे ब्रेडला लावायचा जस्तवाला यीस्टचा अर्क, पाठवायला सुचवलं. आमच्या टाकीतही थोडं जस्त टाकून बघायला हरकत नाही.)

“छान,” सेक्रेटरी म्हणाले. “मग त्या कोपऱ्यातल्या चेतकचं काय?”

निळ्या प्लास्टिकखालची ती चेतक माझ्या बाबांची. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. डी बोनोचं आणखी एक निरीक्षण आहे: हुशार माणूस आधी मत ठरवतो आणि सगळी हुशारी त्याच्या वकिलीत खर्च करतो. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे सेक्रेटरीच आले होते.

मी शांतपणे मुद्दे मांडले. एक तर जुन्या चेतकचा दिवा इंजिन चालू असेल तेव्हाच लागतो, म्हणजे हेडलाइटचा नियम तिला लागूच होत नाही. शिवाय ती हलत नाही म्हणून तिथे दुसरी गाडी येत नाही, म्हणजे ती गर्दी रोखूनच धरते. आणि मुख्य म्हणजे ती अडगळ नाही, वारसा आहे. फ्रिज ही अडगळ.

“झाले फायदे,” खजिनदारांनी घड्याळ बघितलं. “आता दोन मिनिटं नुसते तोटे.”

एरवी सभेत झोपणारेसुद्धा बोलले. दोन मिनिटांची वीस झाली, आणि गमतीच्या बाजूंना या वेळी कुणीही अडलं नाही.

बंद वाहनं महिन्याच्या आत हलवावीत, असा ठराव आला. मी ‘वारसा वाहने वगळून’ अशी दुरुस्ती सुचवली. सूचक मी, अनुमोदक हवा होता. नवऱ्याने अहवालाचं शेवटचं पान वाचायला घेतलं. काकूंना जावयांचा फोन आला. हात वर केला तो एकट्या वॉचमनने, कारण त्याचा डबा आणि छत्री चेतकच्या डिकीत असते. पण तो सभासद नाही, असं सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घेतलं.