मागची बाजू बघायचीच नव्हती, तर गोधड्या मागवल्या कशाला?

संताप आवरत नाहीये म्हणून लिहितेय. जळगावला गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, सोबत स्पर्धा. मी पहिल्यांदाच भाग घेतला. पत्रकात ‘पारंपरिक हातशिलाई’ असा वेगळा गट दिसला आणि फी भरून नाव दिलं. नंबर आला नाही, त्याचं दुःख नाही. नंबर कुणाचा तरी येणार, बाकीच्यांचा जाणार. पण माझी गोधडी ज्या रीतीने टांगली, हाताळली आणि तपासली, ते अजून डोक्यातून जात नाहीये.

आधी टांगण्याचं सांगते. गोधडी म्हणजे काही चादर नव्हे. आत लुगड्यांचे, धोतरांचे थर असतात, उचलताना दोन्ही हात लागतात. ती लोखंडी पाइपला वरच्या काठावर क्लिपा लावून लटकवली. सगळा भार तेवढ्या चार जागांवर. दुपारपर्यंत मधला भाग झोळीसारखा लोंबला आणि क्लिपेच्या दातांनी काठाचे धागे ओढून काढले. मी मागच्या बाजूला वरच्या कडेला कापडाची नळी शिवून नेली होती. तिच्यातून दांडी ओवली की भार सगळीकडे सारखा बसतो. अमेरिकेतल्या मोठ्या क्विल्ट स्पर्धांमध्ये अशी साधारण चार इंची नळी मागच्या बाजूला शिवून मागतात. लेकीने मोबाइलवर ते नियम वाचून दाखवले, म्हणून शिवली. तिथल्या पोराला सांगितलं, “भाऊ, दांडी यातून घाल.” तो म्हणाला, “मावशी, दांड्या आणल्याच नाहीत. सगळ्यांना क्लिपाच आहेत.” अरे, जळगाव जिल्ह्यात बांबू मिळेना? रावेर-यावलकडे केळीच्या घडांना टेकू द्यायला शेतोशेत बांबू लागतात. मंडपाला लागतात, फ्लेक्सला लागतात. गोधडीलाच तेवढा नाही.

आणि टांगली ती फ्लेक्सला चिकटून. मागची बाजू कुणाला दिसणारच नाही अशी.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. हातशिलाईची गोधडी मागून बघायची असते. धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो, म्हणून टाका जसा वर तसा खाली दिसायला पाहिजे. वरून सुंदर टाका कुणीही घालेल. सुई तिरकी गेली, खालचा थर सुटला, तर ते मागूनच कळतं. सुईला अंगुस्तानाने, म्हणजे बोटात घालायच्या टोपणाने, रेटा देऊन, खालच्या हाताच्या बोटाला टोक लागलं की मगच ती वर घ्यायची, अशी ती शिवण असते. त्या बोटाची कातडी जाड होते, तरी टोचतं. बाहेरच्या देशांतल्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेल्या बाया उभ्या असतात. कुणी विचारलं की त्या कोपरा उलटून मागची बाजू दाखवतात, बाकी कुणी हात लावायचा नाही. इथे नेमकं उलटं होतं. मागची बाजू झाकलेली, आणि पुढच्या बाजूला ज्याला वाटेल त्याने हात लावायचा.

एक बाई भज्यांचा कागद हातात धरून आल्या आणि त्याच हाताने काठ चिमटीत धरून जाडी बघितली. मी म्हटलं, “ताई, हात पुसून घ्या ना.” त्यांनाच राग आला. दोन पोरी गोधडी अंगावर ओढून फोटो काढत होत्या, क्लिपा तशाच लावलेल्या. स्वयंसेवक खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. लोकांना तरी काय बोलणार! ‘हात लावू नये’ एवढी एक पाटी लावायला कुणाला काय खर्च येत होता?

परीक्षक माझ्या गोधडीपुढे किती वेळ थांबले ते मी बघितलं. समोरून एक नजर टाकली, कागदावर काहीतरी लिहिलं, पुढे गेले. कोपरा उचलला नाही, बोट फिरवलं नाही. संध्याकाळी शेरा हातात पडला: पृष्ठभाग सपाट नाही, टाके एकसारखे नाहीत, जुने कापड वापरले आहे.

जुने कापड वापरले आहे!

अहो, गोधडी जुन्याचीच असते. नवं सुती कापड धुतलं की आटतं आणि रंग सोडतं. वेगवेगळी नवी कापडं एकत्र शिवली आणि पहिल्याच धुण्यात प्रत्येक आपापल्या परीने आटलं, की सगळी शिवण ओढली जाते. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं आटून झालेलं असतं, रंग सोडून झालेलं असतं, आणि अंगाला मऊ लागतं. म्हणून ते वापरतात. माझ्या गोधडीचा वरचा थर सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा आहे. त्यांनीच मला शिवायला शिकवलं. मी लांब टाका घातला की उसवायला लावायच्या. म्हणायच्या, “बारीक टाका घाल माय, पोरेस्ना बोटं अडकतस.” लांब टाक्यात झोपलेल्या पोराच्या पायाचं बोट अडकतं, दोरा तुटतो, आणि तिथून उसवायला सुरुवात होते. टाका किती लांब घालायचा, हे त्या बोटावरून ठरलेलं आहे.

सपाट नाही म्हणे. एका कडेपासून सुरू करून गोल गोल मध्यापर्यंत हाताने धावदोरा घालत गेलं, की कापड जरासं चुणतं, लाटा उठतात. त्या लाटांमध्ये, थरांमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. आमच्याकडे उन्हाळा भाजून काढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पौष-माघात पहाटेचा गारठाही हाडात शिरतो. तेव्हा ही लाटांची गोधडीच लागते. कापसाच्या मुलखात बसून, पॉलिएस्टरचा फायबर भरलेली मशीनवरची रजाई सपाट आहे म्हणून तिला हातशिलाईच्या गटात नंबर देता? ती ज्या ताईंनी केली त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांचं रंगाचं काम छानच होतं. पण ती मशीनची होती, हे उलटून बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मशीनचा टाका वेगळा, हाताचा वेगळा. मग गट वेगळे केले कशासाठी?

अमेरिकेत अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायांनी शेतात घालून विटलेल्या पँटी, शर्ट, गोणपाटं जोडून गोधड्या केल्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या, २००६ मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. विटकं कापड, वाकडे तुकडे, सगळं तसंच. आपल्याकडे बंगालच्या नक्षी कांथाला आणि बिहारच्या सुजनीला, म्हणजे तिकडच्या धावदोऱ्याच्या गोधड्यांना, भौगोलिक मानांकन मिळालं, त्याही मुळात जुन्या कापडाच्याच. आणि खानदेशातल्या बाईने खानदेशातच गोधडी टांगली, तर जुनं कापड म्हणून गुण कापले.

किंमत विचारणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. “पाचशेला देता का? जुन्याचीच तर आहे.” परीक्षकांनीच तसं लिहून दिल्यावर बघणाऱ्यांना काय सांगणार?

वस्तू पाच वाजता परत मिळतील असं सांगितलं होतं. पाहुणे उशिरा आले, मग भाषणं लांबली, मग सत्कार, नारळ, शाली. तोवर एकही गोधडी उतरवायची नाही, मागे शोभा दिसली पाहिजे म्हणून! अमळनेरकडच्या आम्ही बऱ्याच जणी होतो. पॅसेंजर गेली. एकीचं तान्हं पोर घरी, ती रडकुंडीला आलेली. माईकवाल्याला विनवलं, तर तो म्हणाला, “काकू, कार्यक्रम चालू आहे.” ज्यांच्या कामावर कार्यक्रम उभा, त्यांना बसायला खुर्च्याही नव्हत्या. शेवटी गोधडी मिळाली ती बोळा करून पोत्यात कोंबलेली. काठावर भज्यांच्या तेलाचा डाग आणि क्लिपांनी पाडलेली भोकं.

आयोजकांना पत्र टाकलंय. फी परत मागितलेली नाही, प्रमाणपत्रही नको. परीक्षकांनी माझी गोधडी उजेडात उलटी धरावी, मागची बाजू बोटाने तपासावी आणि शेरा नव्याने लिहून द्यावा. त्यातही टाके कमी पडले असं निघालं तर मी मान्य करीन. अजून उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर मी स्वतः जाणार, गोधडी घेऊन.