‘कंपनीला माहिती अधिकार लागत नाही’ म्हणे!

खाडीपट्ट्यातल्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘सावधान! एमआयडीसी, महावितरण, कोकण रेल्वे या कंपन्या आहेत, सरकारी कार्यालयं नाहीत, त्यांना माहिती अधिकार लागू नाही.’ त्याखाली पुरवणी: सुप्रीम कोर्टाने 2013 साली तसं ठरवलंय, सांडपाण्याचे आकडे हे व्यापारी गुपित आहे, अर्जात कारण द्यावंच लागतं, आणि अर्ज चुकला तर अर्जदाराला 25,000 रुपये दंड. हे वाचून आमच्या काकांनी लिहून तयार ठेवलेला अर्ज फाडून टाकला. म्हणून हे लिहिणं आलं.

दंडापासूनच सुरुवात करू, कारण माणसं घाबरतात ती तिथेच. माहिती अधिकार अधिनियम, 2005 मध्ये अर्जदाराला दंड करणारं एकही कलम नाही. 25,000 चा आकडा आहे तो कलम 20 मधला. दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000, आणि तो भरायचा जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या साहेबाने. त्याने अर्ज घेतला नाही, विनाकारण मुदत टाळली, जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा मागितलेला कागदच नष्ट केला, तर. साहेबाचा दंड उचलून गावकऱ्याच्या माथी मारणाऱ्याने कलम वाचलंच नव्हतं की वाचून मुद्दाम उलटं लिहिलं, ते त्यालाच ठाऊक.

कारण द्यावं लागतं, हेही खोटं. कलम 6(2) बघा, विषय संपला.

आता ‘कंपनी’. कायदा पाटी बघत नाही, मालक बघतो. कलम 2(ह) नुसार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था हे सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकार लागू असलेली संस्था. शिवाय सरकारच्या मालकीची, नियंत्रणाखालची किंवा सरकारच्या भरीव पैशावर चालणारी संस्थाही त्यातच. एमआयडीसी तर कंपनीसुद्धा नाही, ते 1961 च्या राज्य कायद्याने झालेलं महामंडळ आहे. महावितरण कंपनी आहे खरी, पण जुन्या वीज मंडळाचे तुकडे करून 2005 मध्ये निघालेली, पूर्ण राज्य सरकारच्या मालकीची. कोकण रेल्वे 1990 मध्ये कंपनी म्हणून नोंदली गेली तेव्हा भांडवलाचा वाटा ठरला तो असा: रेल्वे मंत्रालय 51 टक्के, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6. यात खासगी मालक कुठे दिसतो का? सरकारी कंपनीचे लेखापरीक्षकसुद्धा कॅग नेमतं आणि तिचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो.

मेसेजमधल्या 2013 च्या निकालाच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करू. थलप्पलम सहकारी बँकेच्या त्या खटल्यात कोर्टाने म्हटलं की केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी आहे आणि निबंधकाची देखरेख आहे एवढ्यावरून सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. म्हणजे वाडीतल्या पतसंस्थेला थेट अर्ज केला तर ती नाही म्हणू शकते. पण तो वाद केरळमधल्या सहकारी संस्थांचा होता, सरकारी महामंडळांचा नव्हे. आणि त्याच निकालात पुढे आहे की निबंधकाला कायद्याने जी माहिती त्या संस्थेकडून मागवता येते, ती नागरिकाला निबंधकामार्फत मिळू शकते. मेसेजवाल्याने नेमकं तेच गाळलं.

आपल्या खाडीच्या कामाचा मुद्दा हाच आहे. रासायनिक वसाहतींतलं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र बहुधा कारखानदारांची संस्था चालवते. तिला अर्ज केला की ‘आम्ही खासगी’ असं उत्तर येतं, आणि मेलेल्या माशांचं गाऱ्हाणं तिथेच अडतं. त्या दारात जायचंच कशाला? या प्रक्रिया केंद्राला सांडपाणी सोडायचं संमतीपत्र देतं आणि तिथले नमुने घेतं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. खासगी संस्थेची जी माहिती सरकारी प्राधिकरण कुठल्याही कायद्याने मिळवू शकतं, ती कलम 2(फ) प्रमाणे आपणही मागू शकतो.

व्यापारी गुपिताची सूट कलम 8(1)(ड) मध्ये आहे, आणि ती स्पर्धेत नुकसान होईल अशा माहितीपुरतीच. रसायन बनवायची कृती गुपित असेल, हरकत नाही. पण नळातून खाडीत काय पडलं याने कुठल्या स्पर्धकाचा फायदा होतो? उलट 1974 च्या जल कायद्यातलं कलम 25(6) सांगतं की मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि त्या सांडपाण्याने बाधित होणाऱ्या कुणालाही ती बघू द्यायची. म्हणजे माहिती अधिकार यायच्या 31 वर्षं आधीपासून ही गोष्ट गुपित नाही! एखादा परिच्छेद खरोखर झाकण्यासारखा असेल तर कलम 10 प्रमाणे तेवढाच झाकून बाकीचा कागद द्यावा लागतो.

अर्ज फसतो तो बहुतेक लिहिण्यात. ‘मासे का मेले?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती अभिलेखात नाही’ एवढं एका ओळीत उत्तर मिळतं. कागद मागा: चालू संमतीपत्राची प्रत, गेल्या 12 महिन्यांतल्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल (तारीख, ठिकाण, आणि पाणी किती दूषित आहे ते सांगणारे सीओडी, बीओडी हे आकडे यांसह), आणि जल कायद्याच्या कलम 33ए खाली दिलेले आदेश. अहवाल हातात आले की सीओडीचा रकाना आधी बघा. सामाईक केंद्रांसाठी मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅमची आहे. सांडपाण्याची वाहिनी फुटल्याची तक्रार असेल तर एमआयडीसीला वेगळा अर्ज करा आणि दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयकं मागा. दोन विषय एका अर्जात कोंबू नका, राज्याच्या नियमात एक विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच जागा आहे.

राज्याच्या कार्यालयाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. कोकण रेल्वे केंद्र सरकारकडे येते, तिथे तो चालत नाही, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. दुसऱ्या अपिलाला 90 दिवस असतात. एमआयडीसी, महावितरण आणि प्रदूषण मंडळाचं राज्य माहिती आयोगाकडे, कोकण रेल्वेचं दिल्लीला केंद्रीय आयोगाकडे. मुदत उलटून मिळालेल्या प्रतींचे पैसे द्यायचे नसतात, कलम 7(6).