दुडकी, ट्रॉट आणि माझं बूड

"घोडेस्वारीत काय एवढं, पळायचंय घोड्याला, आपण नुसतं बसायचं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा ट्रॉटला, म्हणजे घोड्याच्या दुडक्या चालीला, बसवलं पाहिजे. वॉकचं, म्हणजे साध्या चालण्याचं, मी बोलतच नाही, माथेरानला आपण सगळेच तसे बसलेलो असतो, घोडेवाला लगाम धरून पुढे, आपण फोटोपुरतं पोट आत घेऊन वर, चार पायांचे चार वेगळे ठोके, लाल मातीत निवांत. तेवढ्या भांडवलावर मी पुण्यात रायडिंगचा क्लास लावला. घोडी डायना, रेसमधून रिटायर. शिकवायला घोडदळातून रिटायर झालेले दफेदार साहेब, सातारकडचे. रिटायर व्हायची वेळ फक्त माझी यायची होती, ती ट्रॉटने आणली.

कागदावर दुडकी एकदम सोपी. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग उलटी जोडी, म्हणजे दोनच ठोके, आणि दोन्हींच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. हे खरंच हवेत असतात का यावर पूर्वी लोक वाद घालायचे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्ड यांनी १८७२ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला कामाला लावलं आणि ऑक्सिडेंट नावाच्या आपल्या घोड्याचे दुडकताना फोटो काढायला सांगितले. एवढा खर्च! मला वर बसवून नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं की साहेब, घोड्याचं माहीत नाही, मी मात्र पूर्ण हवेत असतो, आणि खाली येतो तेव्हा खोगीर वर यायला निघालेलं असतं.

आता प्रकार. पहिला सिटिंग ट्रॉट, म्हणजे खोगिरावरून बूड न उचलता बसून राहायचं, कंबर सैल सोडायची आणि घोड्याची पाठ हलेल तसं हलायचं. आता मला सांगा, खाली पाच-सहाशे किलोचं जनावर उसळतंय आणि कंबर सैल कशी सोडायची? माणूस घाबरला की गुडघे आवळतो, गुडघे आवळले की बूड सुटतं, बूड सुटलं की अजून घाबरतो. दफेदार साहेब मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, "ओ साहेब, लगामाला लोंबकळू नका, तिच्या तोंडाला लागतंय!" माझ्या कुठेकुठे लागतंय याची चौकशी कुणीच केली नाही.

दुसरा रायझिंग ट्रॉट. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. युरोपात टपालाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांवर बसून जाणाऱ्या पोरांची ही युक्ती, मैलोन्मैल आदळत जाण्यापेक्षा एक धक्का तरी चुकवावा म्हणून. हे जमलं की खरंच स्वर्ग, रिकिबीत जोर देऊन उभं राहायचंच नसतं, घोडीच फेकते वर, आपण फक्त हळू खाली यायचं. पण सुख बघवेल ते रायडिंग कसलं! लगेच डायगोनल निघालं, म्हणजे पायांच्या कोणत्या तिरक्या जोडीला उठायचं त्याचा नियम. गोलात फिरताना घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं, म्हणजे आतला मागचा पाय जमिनीवर असताना आपण खाली. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून घ्यायचं आणि डायगोनल बदलायचं. खांदा बघायला मान खाली घातली की साहेब म्हणणार "वर बघा", वर बघितलं की "डायगोनल चुकलं". शेजारी माझी मुलगी काही न बघता बरोबर उठबस करत जायची आणि जाताना "बाबा, चुकीचं" एवढं बोलून पुढे.

आणि हे झाले फक्त बसणाऱ्याचे प्रकार. घोड्याचे वेगळेच! रोजचा तो वर्किंग. आखूड, उंच पावलं आणि मागच्या पायांवर भार, तो कलेक्टेड. पावलं लांबवली की मीडियम आणि जितकी लांबतील तितकी लांबवली की एक्स्टेंडेड. मला वाटायचं एक्स्टेंडेड म्हणजे जोरात. टाच मारली तर डायना बस पकडायला निघालेल्या काकूंसारखी तुरुतुरु पळायला लागली. साहेब म्हणाले, "घाई न्हाय करायची, ताल त्योच, पाऊल लांब." हांगझोच्या एशियन गेम्सचे व्हिडिओ पाहिले तेव्हा कुठे टाळक्यात शिरलं. २०२३ मध्ये आपल्या टीमने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या अशा शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेचं, गोल्ड मिळवलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. ते लोक खोगिराला शिवल्यासारखे बसतात हो, डोकं तसूभर हलत नाही. खाली घोडा पाय फेकत चाललाय आणि वरचा माणूस मीटिंगला बसल्यासारखा.

परवा साहेब म्हणाले, आता कँटर शिकवतो, तीन ठोक्यांची चाल, झुलल्यासारखं वाटतं, ट्रॉटएवढं आदळत नाही. मी म्हटलं मग आधी तेच शिकवायचं ना! साहेब डायनाच्या मानेवर थोपटत म्हणाले, "शिकवलं असतं की. पर थांबताना मधी ट्रॉट लागतोय, तवा काय केलं असतं?"